पेजेचा टोप

मित्रांनो, ठाण्याच्या तळ्याकाठी आमचे जुने देऊळ आहे ना, म्हणजे ख्रिस्ती लोकांचे देऊळ, चर्च हो, त्याच्या मागच्या कोठीत दाराआड एक भलामोठा तांब्याचा टोप उपडा पडलेला आहे. अंग काळे पडले आहे, कडेला हिरवे चढले आहे. तो जुना टोप म्हणजे मी. परवा कोठी झाडायला आलेल्या बाईने माझ्या पाठीवर खराटा टेकवला आणि तो तसाच विसरून ती निघून गेली. असो, राग नाही. पण खराटे टेकवून ठेवायला मी जन्माला आलो नव्हतो, एवढे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म कल्याणचा. तिथल्या विश्राम तांबटाने मला घडवले. त्या काळी ठाण्याच्या देवळातल्या बायकांनी एक मेळ काढला होता. रविवारची मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, झाली की त्या आंब्याच्या झाडाखाली बसायच्या. वेदीवरच्या चादरी शिवायच्या, आजारी माणसाची विचारपूस करायची, कुणाकडे मयत झाली तर त्या घरची चूल आठ दिवस सांभाळायची, ही त्यांची कामे. मेळाची पुढारीण कोंसूबाय. नवरा कळव्याच्या मिठागरात कामाला, आणि हिचा आवाज असा की तळ्याच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठावरची म्हैस मान वर करी. मेळाला स्वतःचे मोठे भांडे हवे असे तिच्या मनात आले, आणि तिच्या मनात आले म्हणजे ते झालेच म्हणून समजा! अकरा घरांनी आपले चेपलेले हंडे आणि फुटकी घंगाळी आणून दिली. कोंसूबायने ती सगळी मोड मचव्यात घातली, खाडीने कल्याणला नेली आणि विश्रामपुढे ओतली.

"एवढ्याचा एकच टोप? अहो बाय, उचलणार कोण तो?" विश्रामने डोक्याला हात लावला.

"चौघी लागतील. आमी चौघी हाव म्हणून तर करायचाय!" कोंसूबाय म्हणाली.

आठ दिवस ठोके खाल्ले तेव्हा कुठे मी टोप झालो. आतून चांदीसारखी कल्हई, बाहेरून लालबुंद अंग, दोन बाजूंना जाड कड्या. कड्यांत बांबू घालून चौघींनी मला मचव्यातून उतरवले आणि अख्खी आळी बघायला आली. खोटे कशाला सांगू, मला गर्व चढला.

पुढची दहा वर्षे मी सुखात काढली. ख्रिस्ती आळीत लग्न ठरले की आधी पाद्रीबाबांना कळवत आणि मग मला. माझ्यात लग्नाचे डुकराचे मांस शिजे. वास तळ्यापलीकडे जाई. पाहुणे बोटे चाटत आणि म्हणत, "या टोपाला हात चांगला लागलाय!" माझी स्तुती ऐकली की कोंसूबाय अशी मान डोलवी, जसे काही तिनेच मला पोटातून जन्म दिला होता.

मग ते वाईट साल आले. घाटावर पाऊस पडला नाही. नगरकडची माणसे गुरेढोरे सोडून, पोरेबाळे खांद्यावर घेऊन, पायी घाट उतरून कल्याणवरून ठाण्याला आली. मुंबईत काम मिळेल या आशेने निघालेली, पण अर्ध्यांचे पाय ठाण्यातच थकले. तळ्याच्या पलीकडच्या काठाला झाडांखाली चाळीसेक माणसे पडून राहिली. ना घर, ना चूल. त्यांच्यात बायजा नावाची एक उंच, हाडकुळी बाई होती. तिची मुलगी गोदा दिवसांत होती, नववा लागलेला. जावई वाटेतच गेला होता.

मेळाच्या बायकांनी त्यांना पाहिले. दुसऱ्याच दिवशी सकाळी मला चुलीवर चढवले. कोंसूबायने तांदळाची दाट पेज केली आणि तिला चव यावी म्हणून घरचा वर्षाचा राखून ठेवलेला सोडा, म्हणजे सुकी कोलंबी, त्यात मूठमूठ टाकली. सांतानने, ही कोंसूबायची जिवाभावाची मैत्रीण, वर खोबरे पेरले. जे आपल्याला आवडते ते दुसऱ्यालाही आवडणार, असा त्यांचा साधा हिशेब. मला बांबूवर घालून चौघी गात गात तळ्याला वळसा घालून गेल्या.

झाकण उघडले. वास सुटला. पोरे धावली. इतक्यात राघो नावाचा एक म्हातारा काठी टेकत उठला आणि त्याने विचारले, "कुनाच्या हातचं हाय?"

"आमच्याच," कोंसूबाय कौतुकाने म्हणाली, "देवळातल्या बायकांच्या."

म्हाताऱ्याने काठी आडवी धरली. पोरे थांबली. बायकांनी त्यांना हाताला धरून मागे ओढले. कुणी ओरडले नाही, कुणी शिवी दिली नाही. चाळीस माणसे नुसती तोंड फिरवून बसली. गोदाने मात्र तोंड फिरवले नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिले. बायजाने पदराने तिचे तोंड पुसले आणि तिला कुशीत घेतले.

मी भरलेला गेलो आणि भरलेलाच परत आलो. मित्रांनो, भांड्याला याहून मोठे दुःख नाही. सांतान रस्ताभर रडली. कोंसूबाय मात्र तडतडत होती. "मरा म्हणावं! उपाशी मरतील पण आमचं खायाचं नाय! माझा वर्षाचा सोडा गो, वर्षाचा!"

दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बातमी आली की पलीकडे एक म्हातारी भुकेने गेली. कोंसूबायने हातातला झारा खाली ठेवला. "सांतान, चल. टोप घे. रिकामाच घे."

भर दुपारी चौघी मला घेऊन तिथे पोचल्या. कोंसूबाय बायजासमोर जमिनीवरच बसली. पुढारीणपणा घरी ठेवून आली होती. म्हणाली, "बाई, आमचं चुकलं काय ते सांग. तुझी पोर मरंल गो."

बायजाने गोदाच्या अंगावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "रागवू नका, बाई. तुमचं मन आम्हाला कळतंय. पोटात आग पडलीय, पर आम्हाला एक ना एक दिस गावाला परत जायाचंय. तुमच्या हातचं खाल्लं तर गावात कोन आम्हाला पंगतीला घेनार? ह्या पोरीच्या लेकराचं लगीन कोन करनार?"

"मग काय चालंल?"

"कोरडा शिधा द्या. तांदूळ, मीठ, लाकडं. पानी आमचं आमी भरू. म्या रांधते. निस्तं भांडं न्हाई माझ्याकडं."

कोंसूबायने माझ्याकडे पाहिले. तिला खोटे बोलता आले असते, पण ती कोंसूबाय होती. "भांडं हेच. पण यात लग्नाला डुकराचं मटण शिजतं."

बायजा उठली. माझ्याभोवती फिरली. बोटाच्या टिचकीने मला वाजवून पाहिले. "तांबं हाय. मातीचं असतं तर फोडायला लागलं असतं. तांब्याला आग शुद्ध करते. पर एकदा शुद्ध केला की आमी हितं हाव तवर ह्याला दुसऱ्या कुनाची चूल न्हाई."

आता खरी पंचाईत झाली. सांतानच्या मुलीचे, रोजीचे, लग्न महिन्यावर आले होते. कळव्यापासून कल्याणपर्यंत आमंत्रणे गेली होती. मांडवात मी नसलो तर तीनशे माणसांचे शिजणार कशात? सासरकडचे नाक मुरडणार, जन्मभर टोमणे मारणार. टोप मेळाचा, पण त्या महिन्यापुरता तो सांतानचा होता. सगळ्या सांतानकडे बघत राहिल्या. सांतानने गोदाकडे पाहिले. मग तिने पदर खोचला, चिंच आणि राख मागवली आणि मला खसाखसा घासायला बसली. "रोजी मला शिव्या घालंल," ती म्हणाली, "घालू दे!"

बायजाने तीन धोंडे मांडले, लाकडे रचली आणि मला त्यांवर उपडे घातले. अरे देवा, ती आग! चुलीवर मी आयुष्यभर बसलो, पण रिकाम्या पोटाने आग सोसणे निराळे. माझी कल्हई वितळून थेंबथेंब गळली. दहा वर्षांचे माझे सारे कौतुक, सारे मांडव, त्या निखाऱ्यांत गेले. मला वाईट वाटले, होय, फार वाटले. पण राघो म्हातारा काठीवर हनुवटी टेकून हे सगळे पाहत होता, आणि शेवटी तोच म्हणाला, "आता झाला." दुसऱ्या दिवशी कल्हईवाल्याने नवसागर घालून मला पुन्हा पांढरा केला.

त्या दिवशी बायजाने माझ्यात पेज रांधली. नुसते तांदूळ, मीठ आणि तळ्याचे पाणी. गोदा तीन वाडगे प्यायली. तिसरा वाडगा संपला तेव्हा बायजा झाडाआड जाऊन हुंदके देऊन रडली. पाच दिवसांनी गोदाला मुलगी झाली. बायजा पेज ढवळत होती आणि नाळ कापली सांतानने. अशा वेळी शिवाशिव कोण बघतो!

रोजीचे लग्नही झाले. आळीतल्या तीस घरांत तीस मडकी चढली. एकीचे खारट, दुसरीचे तिखट, तिसरीचे करपलेले! सासरकडच्यांनी नाक मुरडायचे ते मुरडलेच. रोजी आठ दिवस आईशी बोलली नाही आणि नवव्या दिवशी गोदाच्या मुलीसाठी झबले शिवून घेऊन आली.

मी तळ्याकाठीच राहिलो. मेळाच्या बायका रोज शिधा आणत आणि चार हातांवर बसून तांदूळ निवडत. बायजा रांधी. मधली चार हातांची रेष कुणी ओलांडली नाही, पण गप्पा रेषेवरून बिनधास्त जात. नवऱ्यांच्या खोडी, सासवांच्या तऱ्हा, पोरांची दुखणी. कोंसूबायच्या हसण्याने म्हैस अजूनही मान वर करी.

भादव्यात घाटावरून बरी बातमी आली. जमीन भिजली होती. लोक निघायच्या तयारीला लागले. त्याच दिवसांत मी एक गोष्ट हेरली. पेज रोज पातळ होत चालली होती. शिधा तेवढाच येई, पण माझ्यात तांदूळ कमी पडत. मला वाटले, बायजाचा हात आखडला. जाताना वाटेसाठी साठवत असेल. मनातल्या मनात मी तिला थोडे चिक्कूही म्हटले.

निघायच्या दिवशी सकाळी मेळाच्या बायका निरोप द्यायला आल्या. झाडाखाली शेणाने सारवले होते. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण ओळीने मांडले होते. माझ्यात पेज नव्हती. दाट, मोकळा, वाफाळलेला भात होता आणि बाजूला गूळ. बायजा पदर डोक्यावर घेऊन उभी होती.

"बसा," ती म्हणाली. "आज तुमी बसायचं."

कोंसूबायला क्षणभर कळेना. मग तिने भाताकडे पाहिले, उभ्या माणसांच्या खोल गेलेल्या गालांकडे पाहिले, आणि तिच्या ध्यानात आले. "अगं बायजा, हे तांदूळ... तुमी अर्धपोटी राहिलात गो?"

"आठ दिसच," बायजा म्हणाली. "सवय हाय."

"नाय गो! पोरांना वाढ आधी. आमची घरं भरलेली हायत. आमी नाय खाणार!"

बायजाचा चेहरा उतरला. "बाई, तुमी पेज घेऊन आला व्हता आन् आमी तोंड फिरवलं. तुम्हाला लागलं असंल."

"लागलं होतं," कोंसूबाय म्हणाली. तिने कधी हे कुणाला सांगितले नव्हते.

"मग आता तुमी फिरवू नका. आमी निस्तं घेतच ऱ्हायलो. घेऊन घेऊन मान खाली गेलीय. ती वर करून जाऊ द्या."

कोंसूबाय मटकन बसली. तिच्याशेजारी सांतान बसली, मग रोजी, मग सगळ्या. राघो म्हाताऱ्याने द्रोणांत पाणी ओतले. बायजाने माझ्यातून वाढायला सुरुवात केली. मित्रांनो, माझ्यातले अन्न हजारो पाहुण्यांनी खाल्ले, पण या बायकांना मी नेहमी उभ्याने, निवलेले, तळाशी उरलेले खाताना पाहिले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना कुणीतरी गरम वाढले. कोंसूबायने घास तोंडात घातला. सगळ्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, जेवणाऱ्यांच्याही आणि वाढणाऱ्यांच्याही. मग कोंसूबायने नाक पुसले, पत्रावळ पुढे सरकवली आणि साऱ्या तळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वाढ गो आणखी! हात आखडू नको!"

बायजा हसली. तिने मान वर केली आणि झारा भरून वाढले.

त्याला वीस वर्षे झाली. कोंसूबाय गेली, सांतान गेली. लग्नांना आता मुंबईची हलकी भांडी भाड्याने येतात. यंदा गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगाची, साथ आली आहे. घरे सोडून माणसे शेतांत झोपड्या घालून राहिली आहेत, आणि त्यांना काय द्यावे याचा विचार नव्या मेळाच्या बायका आंब्याखाली बसून करत आहेत. मला कोठीतून सगळे ऐकू येते. बायांनो, पोरींनो, माझ्या पाठीवरचा खराटा काढा. मला चिंच लावा, कल्हई करा. चौघी या आणि मला त्या झोपड्यांपाशी न्या. रांधणार कोण, हे मात्र आधी त्यांना विचारा. आणि त्यांनी कधी तुम्हाला बसा म्हटले, तर पोट भरलेले असले तरी बसा.