टाकीचं नाव एकदाच

आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत टाकीचं नाव एकदाच लिहायचं, असा साहेबांचा दंडक. एका ओळीत नाव, खालच्या ओळींत त्या टाकीच्या चाचण्या, आणि त्यांच्यापुढे नावाचा रकाना कोरा. कोऱ्या जागेनं तक्ता देखणा दिसतो म्हणे. टाक्या अडतीस, कुणाच्या पाच चाचण्या, कुणाच्या आठ.

एक बटण दाबलं की हा तक्ता अकारविल्हे लागेल असा मॅक्रो, म्हणजे छोटीशी आज्ञावली, मी लिहिला. संगणकाला सौंदर्यदृष्टी नसते. कोरी ओळ कुठल्या टाकीची, हे त्याला कळत नाही. म्हणून तक्त्यात सगळ्यांत आधी एक नवा रकाना घालून प्रत्येक ओळीपुढे टाकीचं नाव भरलं. मॅक्रो पहिला रकाना बघून ओळी लावायचा, मग तो रकाना कुठलाही असो.

फ्रिजचं तापमान नोंदवून मी परत येईपर्यंत साहेबांनी तो रकाना उडवला होता.

"एकच नाव आठ-आठदा? बोटांना व्यायाम हवा होता का गं?" असं म्हणत त्यांनी चहाचा घोट घेतला आणि बटण दाबलं.

वर अडतीस नावं शिस्तीत उभी राहिली. खाली दोनशे चाळीस चाचण्या, बेवारस. त्यांतल्या एकीपुढे लिहिलं होतं: जिवाणू आढळले.

"घे की मागे."

"मॅक्रोनं केलेलं मागे घेता येत नाही, साहेब. ते लगेच जतनही होतं."

"मग प्रत उघड!"

प्रती ठेवायला त्यांचीच बंदी होती. कागदी वहीही त्यांनीच बंद केली होती, आधुनिकतेसाठी. साडेतीन वाजले होते. चारपर्यंत दूषित टाकीचं नाव पाणीपुरवठा खात्याला कळवलं नाही, तर ती आज बंद होणार नव्हती आणि लोक तेच पाणी पीत राहणार होते.

"सगळ्याच बंद करायला सांगा," मी म्हटलं.

"आणि कारण काय देऊ? तक्ता बिघडला?"

मी खालच्या ओळी न्याहाळत बसले. नावं हलली होती, पण कोऱ्या ओळींचा आपसातला क्रम मोडला नव्हता. प्रत्येक टाकीची पहिली चाचणी क्लोरीनची. क्लोरीन मोजत गेले. जिवाणू अकराव्या टाकीत. नोंदी नमुने गोळा होतात त्याच क्रमानं व्हायच्या.

नमुने आणणाऱ्या काकू बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. साहेबांच्या लेखी त्या संगणकातल्या ढ.

"काकू, आजची फेरी सांगता?"

"आजची कसली, रोजचीच. आधी टेकडी, मग शाळा, मग बाजार..." त्या बोटांवर मोजत निघाल्या. "दहावा दवाखाना. मग ही आपलीच, गच्चीवरची. अकरा."

साहेबांनी कपात डोकावून पाहिलं. कप रिकामा होता.

नाव चारच्या आत कळवलं. काकू वर जाऊन झडप बंद करून आल्या.

चहा चांगला उकळलेला असतो. त्यात जिवाणू टिकत नाहीत. हे मी साहेबांना सांगितलं. फक्त त्यांनी स्वतःच्या बोटांनी तो रकाना पुन्हा भरून झाल्यावर.