शेवटचा हात

"हात उगारणारा माणूस कधी चांगला पॉलिशवाला होत नसतो," असा सिद्धांत नेरे गावच्या धम्मपालने सकाळी टपरीवर चहा पिता पिता मांडला. दुपारी त्याने गेणबाचं नाक फोडलं. सिद्धांत तसा शाबूत राहिला, कारण नाक कोपराने फोडलं होतं.

नांदे गावात सुलक्षणाबाईंच्या बंगल्यात त्यांच्या आईचा पियानो होता. वरून अस्सल शिसवी. पण ते शिसव कांद्याच्या सालीइतकं पातळ, आणि खाली कसलंसं फिकं लाकूड. धम्मपाल त्याला लाखेचं पॉलिश करत होता. स्पिरिटात विरघळवलेला चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, मलमलीचा बोळा आणि गोल गोल फिरणारा हात. यात नियम एकच. बोळा झाकणावर टेकला की हात पुरा होईपर्यंत थांबायचं नाही. थांबला की तो चिकटतो, आणि चिकटला की खालचे सगळे हात सोलून काढतो.

शेवटचा हात निम्म्यावर आला होता, तेवढ्यात त्याचा भागीदार गेणबा आत आला. एका हातात घासायचं मशीन, दुसऱ्या हातात फवाऱ्याची बंदूक. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला हा गडी फर्निचरच्या कारखान्यात पीयू, म्हणजे प्लॅस्टिकसारखं टणक पॉलिश, बंदुकीने मारायला शिकला, आणि तेव्हापासून जगातलं प्रत्येक लाकूड त्याला उघडंनागडं दिसायला लागलं.

"सर बाजूला. घासून काढतो आन काळा पीयू मारतो. आरशावानी."

"मशीन लावलंस तर शिसव जाईल, गेणबा. परत यायचं न्हाई ते."

"लाखेवर गरम कप टेकला की पांढरा डाग. पीयूवर चूल मांड, काय हुत न्हाई."

"पियानोवर चूल कोण मांडतंय, येड्या?"

"बाई काय म्हणल्या?"

"चमकलं पायजे, म्हणल्या."

"मग मी काय येगळं बोलतोय?" म्हणत गेणबाने पिन खोचली. मशीन बोंबलायला लागलं आणि झाकणाच्या कडेशी आलं.

धम्मपालचा उजवा हात गोल फिरत होता. डाव्या अंगाचं कोपर तेवढं मोकळं होतं. ते त्याने वापरलं.

नाक कडकन वाजलं. मशीन सुटून धम्मपालच्या पायावर पडलं आणि अंगठ्याचं नख मन लावून घासू लागलं. धम्मपाल किंचाळला, पण लयीत. गेणबाने पियानोपुढचं स्टूल उचलून त्याच्या पाठीत घातलं. स्टुलाचा पाय मोडला. हात फिरतच होता. मग गेणबाने मागून गळा आवळला. धम्मपालने डाव्या हाताने स्पिरिटची बाटली त्याच्या टाळक्यावर फोडली. खोक पडली, वर खोकेत स्पिरिट गेलं. गेणबाने घातलेल्या शिव्या मेलेल्या मेंढरालाही उठवतील अशा होत्या. त्याच्या पुढच्या ठोशाने धम्मपालचा दात निखळून झाकणावर पडला. बोळा त्याला वळसा घालून गेला. पुढच्या फेऱ्याला बोळा दातापाशी येतोय असं दिसताच गेणबाने, गळा न सोडता, दोन बोटांनी दात अलगद उचलून घेतला. धंदा शेवटी त्याचाही तोच होता.

रक्ताचे थेंबही पडले. ते बोळ्याखाली गेले आणि शिसवात दिसेनासे झाले.

अखेर हात पुरा झाला. धम्मपालने बोळा कडेवरून हलकेच उचलला आणि मग पडून घेतलं. गेणबाने झाकणावर वाकून त्यात आपलं तोंड बघितलं आणि तोही शेजारी बसला.

"समदं दिसतंय की रं," तो म्हणाला. "सुजंसकट."

"मशीन घरी नेशील?"

"नेतो. आदी उटू तर दे."

त्याने पिन काढली, दात धम्मपालच्या खिशात घातला. शिसव वाचलं होतं.

मशीन गप्प झालेलं ऐकून सुलक्षणाबाई ट्रे घेऊन आत आल्या. त्यांची नजर झाकणावर पडली आणि या दोघांकडे बघायचं राहूनच गेलं.

"अगदी आई होती तेव्हासारखं," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी खांद्याला पुसलं. "आता जरा सरकता का तिथून? चहा उकळता आहे, झाकणावर कप टेकवते."