ताईच्या हातातली साखळी

मित्रांनो, दारामागच्या खिळ्याला लोंबकळणारी ती जुनी साखळी मीच. माझ्या वर छत्री असते आणि शेजारी बाजाराच्या पिशव्या. नवीन पाहुणा आला की मला बघून आधी दचकतो. "कुत्रा चावतो का हो?" घरातलं कुणीतरी सांगतं, "आता नाही कुत्रा." मग पाहुणा ऐसपैस बसतो आणि माझा विषय तिथेच संपतो. पण माझ्या एका टोकाला चार कुत्री होऊन गेली, आणि त्यातल्या तिघांच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या टोकाला एकच हात होता. त्या हाताबद्दल मला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तारेचे तुकडे कापायचे, वाकवायचे, एकात एक अडकवायचे, असं काम तिथे दिवसभर चाले. माझ्या एका टोकाला पट्ट्यात अडकवायचा हूक आणि दुसऱ्या टोकाला चामड्याची मूठ बसवली. मी पडले लोखंडाची. मला दुःख होतं की नाही, हे माझं मलाच नीट ठाऊक नाही. पण मला धरणारा हात गरम आहे की गार, कोरडा आहे की घामेजलेला, हे मला चटकन कळतं.

मला विकत घेतलं एका घड्याळजीने. त्याने घरात काळं कुळकुळीत, गोल गरगरीत पिल्लू आणलं होतं, म्हणून त्याचं नाव बटण. मी त्याच्या मानाने इतकी जड होते की मला ओढता ओढता ते दमून माझ्यावरच झोपलं. घड्याळजीची बायको म्हणाली, "अहो, कुत्र्याला बांधायला साखळी आणलीत, की साखळीला बांधायला कुत्रा?" घरातली दोन्ही मुलं खो खो हसली. थोरली ताई तेव्हा सहा वर्षांची होती, धाकटा बाबू तीन वर्षांचा.

बटणने अकरा वर्षं काढली. सकाळी त्याला फिरवायला घड्याळजी नेई, दुपारी ताई. बाबू नेई तेव्हा कोण कुणाला फिरवतंय हे सांगणं अवघड असे. पुढे बटणचे मागचे पाय गेले, खाणं सुटलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आता त्याला त्रासच आहे. इंजेक्शन देऊन सोडवू या. उद्या सकाळी घेऊन या."

त्या सकाळी घरात सगळ्यांनाच अचानक कामं निघाली. ताईच्या आईने स्वच्छ घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. बाबूला मावशीकडे धाडून दिलं. घड्याळजीने मला खिळ्यावरून काढलं आणि खाली बसला. तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू बसवणारे त्याचे हात, पण माझा हूक काही त्याला लावता येईना. शेवटी त्याने मूठ ताईच्या हातात दिली.

"तू हो पुढे. मी मागून येतो."

ताई तेव्हा सतरा वर्षांची होती. तिने बटणला एका चादरीत गुंडाळून उचललं. दवाखान्यात बाकावर बसून ती दाराकडे बघत राहिली. तिचा नंबर आला तेव्हा तिने मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं, मग त्याच्या मागच्याला, मग आणखी एका बाईला. तिचा तळवा घामाने निथळत होता. घड्याळजी आला नाही. डॉक्टर म्हणाले, "साखळी घट्ट धरा, म्हणजे हलणार नाही." ताईने एका हाताने मला धरलं आणि दुसऱ्या हाताने कागदावर सही केली.

घरी येताना तिने मला रुमालात गुंडाळलं, रिकाम्या साखळीचा आवाज आईच्या कानी पडू नये म्हणून. दारात उभी राहून ती म्हणाली, "झालं."

"बरं," घड्याळजी म्हणाला. त्याने मान वर केली नाही. आई मात्र पदराने डोळे पुसत म्हणाली, "आमच्या कुणाच्यात नव्हती बाई एवढी हिंमत. आमची ताई खंबीर हो!"

मित्रांनो, ते कौतुक होतं. मनापासून केलेलं होतं. पण ते ताईला असं चिकटलं की पुन्हा निघालंच नाही.

दोन वर्षांनी फौजदार आला. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी केल्याशिवाय तो कुणाला सोडत नसे, म्हणून हे नाव. त्याच सुमारास ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. दिवसभर कानाला यंत्र लावून, एका सुरात, "थांबा, जोडते" म्हणायचं काम. तो सूर ती घरीही घेऊन येऊ लागली. भाजी खारट झाली तरी तोच आवाज, एका ठिकाणचं लग्न मोडलं तरी तोच. घरच्यांना वाटलं, हिला कशाचं काही वाटत नाही. बरंच झालं.

फौजदारला म्हातारपणी इंजेक्शन द्यायची वेळ आली, तेव्हा कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. आई म्हणाली, "मला नाही बघवत." घड्याळजी म्हणाला, "मलाही नाही." बाबूने तर आदल्या दिवशीच काढता पाय घेतला होता. ताईने मला खिळ्यावरून काढलं. फौजदारला वाटलं, फिरायला चाललोय. तो प्रत्येक खांबापाशी थांबत होता आणि ताई त्याला थांबू देत होती. वीस मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी सव्वा तास लागला. तिचा तळवा कोरडा होता. दुपारी ती कामावर गेली, "थांबा, जोडते" म्हणायला.

पुढे पुढे तर कमालच झाली. शेजारच्या बाईंची मांजर आजारी पडली, तर त्या सरळ आमच्या दारात. "तुमच्या ताईला पाठवता का जरा? आमच्याकडे सगळे हळवे आहेत हो." उसनी साखर मागावी तशी माणसं ताईला मागून नेत. ताई जायची.

तिसरी ढगी. करड्या रंगाची, केसाळ, गरीब कुत्री. घड्याळजी वारल्यावर ती आईच्या पायाशी बसून राहायची आणि आई तिच्याशी तासन्‌तास बोलायची. ढगीचाही शेवट जवळ आला तेव्हा आईने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. दवाखान्यात आता तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी ताईला विचारलं, "एकट्याच आलात? घरात आणखी कुणी नाही?"

"आहेत ना," ताई म्हणाली. "सगळे घरीच आहेत."

मला आठवतं, त्या दिवशी तिच्या हाताला ऊब नव्हती. एरवी कुणीही मला धरलं की मी हळूहळू कोमट होते. तेव्हा झालेच नाही. घरी येऊन तिने ताट वाढून घेतलं, जेवली आणि तासाभराने वहिनीला विचारलं, "मी जेवले का गं?"

वहिनी म्हणजे बाबूची बायको. ती बाबूला म्हणाली, "ताईंचं काळीज दगडाचं आहे बाई." बाबू म्हणाला, "पहिल्यापासूनच. आपण कशाला हळहळायचं?"

आणि मग बाळ्या. चौदा वर्षांचा झाला, तोंड पांढरं झालं, तरी बाळ्याच. तोवर आईही गेली होती. ताई निवृत्त झाली होती आणि बाळ्या दिवसभर तिच्या खोलीत असायचा. ती पेपर वाचायची, तो पेपरावर बसायचा. त्याच्याशी ती फारसं बोलत नसे. पण मी खिळ्यावरून बघायची, पेपराचं पान उलटायच्या आधी ती त्याची परवानगी घ्यायची. "उचल बरं पाय, आतलं पान राहिलंय." साठीच्या ताईला त्या घरात एवढंच एक पोर होतं म्हणा.

बाळ्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी वेळ दिली, गुरुवारी सकाळी दहा.

गुरुवारी घरात पुन्हा कामं निघाली. वहिनीने कपाट आवरायला काढलं. तिची मुलगी सात वाजताच कॉलेजला पळाली. बाबूने नळ दुरुस्त करायला प्लंबर बोलावून ठेवला होता. नळ तीन महिने गळत होता, पण मुहूर्त लागला तो नेमका गुरुवारचा.

ताईने मला काढलं. बाळ्याच्या पट्ट्यात हूक लावला. दारापर्यंत गेली आणि चपला घालायच्या स्टुलावर बसली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बाळ्या तिच्या पावलावर हनुवटी टेकून पडला.

बाबू डोकावला. "ताई, उशीर होईल ना गं."

"बाबू, मला नाही बघवत."

बाबू हसला. त्याला वाटलं, ताई आईची नक्कल करतेय. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

"अगं, पण तू तर नेहमीच..."

"मला कधीच नाही बघवलं. बटणच्या वेळीही नाही."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं?"

आवाज तोच होता, थांबा-जोडते म्हणणारा. ना चढलेला, ना ओला. वहिनी कपाटाचं दार उघडं टाकून बाहेर आली. सत्तावन्न वर्षांचा बाबू भिंतीला हात लावून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझे पाय गळतायत, ताई."

"माझेही गळलेत. म्हणून तर बसलेय."

बाबूने चपला शोधल्या. एक सापडली, दुसरी सापडेना. शेवटी वहिनीने आणून दिली आणि म्हणाली, "प्लंबरचं मी बघते. तुम्ही जा." त्याने माझी मूठ धरली. त्याचा हात घामाने इतका ओला होता की मी निसटत होते. वाटेत तो दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा ताई त्याच्यासाठी थांबली.

दवाखान्यात मला बाबूने धरलं. कागदावर सही त्यानेच केली, आणि ती त्याची सही म्हणून कुणी ओळखणार नाही. ताई टेबलाजवळ उभी होती. आजवर तिचा एक हात माझ्यात अडकलेला असे आणि दुसरा कागदावर. या वेळी तिचे दोन्ही हात रिकामे होते. त्यांचं काय करायचं हे तिला क्षणभर समजलं नाही. मग तिने बाळ्याचं पांढरं तोंड दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं आणि त्याच्या कपाळावर आपलं कपाळ टेकवलं. सगळं होईपर्यंत तशीच उभी राहिली, आणि झाल्यावरही.

ती रडली का, हे मला माहीत नाही. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. बाबू मात्र लहान मुलासारखा हुंदके देत होता, आणि तरीही त्याने मला सोडलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूने शेवटी म्हणावं, मला तेल लावा, गंजू देऊ नका. गंजले तर गंजले, माझं काही म्हणणं नाही. कुत्री पाळा, त्यांना जीव लावा. ती जाणारच आहेत आणि ते बघवणारही नाही. पण त्या दिवशी घरातल्या एकाच माणसाच्या हातात साखळी देऊन, वर त्याला खंबीर म्हणून मोकळे होऊ नका. चपला घाला आणि बरोबर जा. ते माणूस स्वतःहून सांगेल म्हणून थांबू नका. आमच्या ताईला सांगायला त्रेचाळीस वर्षं लागली.