आवर्तांना लागणारी जागा

वैशाखातल्या नांदेडच्या दुपारी, पंखा बंद पडलेल्या वर्गातून सुनंदाताईंच्या खडूचा आवाज यायचा. कोरडा, ठाम, मध्येच मोडणारा. उमरीकडच्या मजूर कुटुंबातून आलेल्या या बाई आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवायच्या. मी शेजारच्या भौतिकशास्त्र विभागात होते. ताई उंच, सावळ्या, किंचित पुढे झुकलेल्या. विचारात असल्या की त्यांचं बोट हवेत सावकाश वर्तुळं काढत राही आणि डोळ्यांत उन्हाळी आभाळाची निश्चल झळाळी उतरे.

त्यांचं संशोधन भौतिकशास्त्रातल्या गेज क्षेत्रांतल्या आवर्तांवर, म्हणजे भोवऱ्यांवर होतं. तिथे क्षेत्र एका बिंदूभोवती वळत जातं, त्या बिंदूपाशी शून्य होतं, आणि त्या शून्याभोवती ऊर्जा साचते. मर्यादित पृष्ठभागावर असे किती आवर्त मावतात, आणि जागा अपुरी पडली तर ऊर्जा किती वाढते, या प्रश्नात त्या अनेक वर्षं बुडालेल्या होत्या. उत्तर सापडलं त्या दिवशी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि नुसत्या हसल्या. शरदातल्या गोदावरीसारखं निवळ हसू.

मग कायम पदाच्या मुलाखती निघाल्या. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, आणि प्रबंधाची पानं उलटत म्हणाले, "हे तुम्हाला कुणी करून दिलं?"

ताई उठून फळ्यापाशी गेल्या आणि पहिल्या समीकरणापासून सगळी सिद्धता मांडू लागल्या. अर्ध्यावर "ठीक आहे, या आता" असं सांगितलं गेलं. त्या थांबल्या नाहीत. शेवटची ओळ लिहूनच बाहेर आल्या.

"काय म्हणाले?" मी व्हरांड्यात विचारलं.

"काय म्हणतील? बघितलंच न्हाई. च्या पीत बसले."

पद संस्थाचालकांच्या भाच्याला मिळालं. ताई लातूरला एका खासगी क्लासमध्ये शिकवायला गेल्या. आणि पुढे तीच सिद्धता परदेशातल्या नियतकालिकाने छापली, तेव्हा आमच्या फाटकावर भलंमोठं फ्लेक्स झळकलं: 'आमच्या प्राध्यापिकेचे हार्दिक अभिनंदन.' संस्थाचालकांचा हसरा चेहरा फ्लेक्सभर. ताईंचा कोपऱ्यात, तिकिटाएवढा.

मला संताप आला. मी लातूरला फोन लावला. "ताई, सत्कार करून राहिले तुमचा. फाटकावर अभिनंदनाचं फ्लेक्स लावलंय. बोलावलंय."

पलीकडून त्यांचा संथ, धारदार आवाज आला, "मी येत न्हाई. 'आमच्या' लिहिलंय का? तेवढं काढायला लाव."

तो शब्द काढा म्हटलं, तर प्राचार्य नुसते हसले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी शिपायाकडून शिडी घेतली, वर चढले आणि ब्लेडने तो एक शब्द कापून काढला. त्या भोकातून ऊन आरपार येत राहिलं. मला नोटीस आली. मी उत्तर दिलं नाही.

ताई आमच्या महाविद्यालयात परत कधी आल्या नाहीत. काळ माणसाचं नसणं हळूहळू सवयीचं करून टाकतो. माझ्या स्मृतीने ती सवय अजून लावून घेतलेली नाही, आणि तिने ती कधी लावून घ्यावी अशी माझी इच्छाही नाही.