रात्रीचं पाणी

"रातच्याला निम्मा दर, आबा. निम्मा!" शमशेरनं सायकल बाभळीला टेकवली आणि खांद्यावरचं तारेचं भेंडोळं ओट्यावर टाकलं. "मीटरला घड्याळ लावून देतो. रातभर मोटर चालवा, फकस्त दिवसा बटनाला हात लावायचा न्हाई. म्होरच्या वस्तीवर जाऊन येतो, तवर काय ते ठरवा."

शमशेर वीज बोर्डाचा वायरमन. सायकलवर टांग टाकून तो गेला, आणि आत चुलीपुढं बसलेल्या मनकर्णाचा भाकरी थापणारा हात परातीतच थांबला.

देवळाली प्रवराच्या बाहेर, उसाच्या फडांमध्ये त्यांची वस्ती. सासरे आबासाहेब, तिचा नवरा कारभारी, धाकटा दीर सूर्यभान. एक विहीर आणि तिच्यावर एक मोटर. गेल्या साली डिझेलचं इंजिन विकून ती बसवली, तेव्हा सूर्यभाननं तिला हार घातला होता.

"आबा, इचार कसला करता?" ओट्यावर सूर्यभान उतावीळ झाला होता. "निम्म्या दरात आनिक अर्धा एकर ऊस भिजंल. बांधापलीकडचं रान पडीकच हाय. एक रात मी, एक रात दादा. हाय काय त्यात?"

"कारभारी, तुजं काय?" आबासाहेबांनी थोरल्याला विचारलं.

मग कारभारीचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा मोठा. "चालंल की. धरीन दारं."

मनकर्णानं परात बाजूला सारली.

दारं धरायची म्हणजे पाटाच्या कडेनं पाण्याबरोबर चालायचं, भरलेल्या सरीचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. पाट विहिरीच्या अगदी काठावरून निघत होता, आणि विहिरीला कठडा नव्हता. कारभारीला तर दिवस मावळला की दिसत नसे. दिवसा झाडावरचा होला टिपणारा माणूस, पण कंदिलाच्या उजेडाबाहेर पाऊल टाकलं की त्याच्यापुढं नुसता काळोख. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही. लग्नानंतर पुढ्यातला तांब्या तो चाचपून शोधतो, हे तिचं तिनंच पाहिलं. गेल्या श्रावणात तो तिन्हीसांजेला पाटात पडला, तर घरात "पाय घसरला" म्हणाला. सूर्यभान आठवडाभर हसत होता. तिनं शेवग्याचा पाला घातला, शेळीचं काळीज भाजून घातलं, पण फरक पडला नाही.

तेव्हापासून तिनंच एक रीत पाडली. सांजेला मळ्यातून येताना ती पुढं चालायची, हात झटकल्यासारखा करत. बांगड्या वाजायच्या आणि तो त्या आवाजामागं यायचा. दोघं त्याबद्दल कधी बोलली नाहीत. शेजारच्या वस्तीवरच्या बाया तोंडाला पदर लावत. "कारभारी बायकूच्या मागं-मागं!" हसू दे म्हणायची ती. बांगड्या तर तिच्या हातात कोपरापर्यंत होत्या. सासू साळूबाई होती तोवर कासार आला की स्वतः बसून भरायला लावायची. "दोन-चार नको गं. मनगट भरून भर. हात वाजला पायजे."

बाहेर सायकलची घंटी वाजली. शमशेर परत आला होता. मनकर्णानं चहाचे कप घेतले, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि ओट्यावर आली. सासऱ्यांशी तोंड वर करून बोलायची पद्धत नव्हती, म्हणून ती दिराला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"भावजी, मला रातचं भ्या वाटतं."

"आँ?"

"तुमचं दादा रातभर मळ्यात, आन मी तान्ह्या पोरीला घिऊन खोलीत एकली. मला न्हाई जमायचं ते."

सूर्यभाननं कपाळावर हात मारला. "आवं वहिनी, पावसाळ्यात घोनस मारली तुमी. काठीनं! आमी बापय लांब हुभं हुतो."

"तवा उजेड हुता."

आबासाहेबांनी बशी ओठापासून खाली घेतली.

"सापाला भीत न्हाई, मग कशाला भीता?" सूर्यभाननं विचारलं.

"भुताला."

शमशेर चहा सांडेपर्यंत हसला. "भूत वहिनीला बगून कॅनॉलपल्याड पळंल!" सूर्यभानही हसला, पण त्या हसण्यात राग होता. कारभारी जमिनीकडं पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"आत जा तू," तो म्हणाला.

ती गेली नाही. रिकामा कप मागायला उभी असल्यासारखी तिथंच उभी राहिली.

आबासाहेबांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या. "मलाबी वाटतं," ते म्हणाले.

"काय वाटतं?"

"भ्या."

आता कुणी हसलं नाही.

"शमशेर, तुजं घड्याळ दुसऱ्या कुनाला लाव बाबा. आमचा ऊस उजेडात पानी पितोय, तसाच पिऊ दे."

"आवं आबा, निम्मा दर!"

"आइकलं मी."

"बाईच्या भ्यापायी घर चालवायचं का आता?" सूर्यभान ताडकन उठला आणि बांधाकडं चालता झाला. ते पडीक रान या सालीही पडीकच राहणार होतं, आणि तिथल्या उसाचं स्वप्न त्यानं उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं, हे मनकर्णालाही कळत होतं.

दुपारी मुक्ता झोळीत झोपली असताना कारभारी खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"भूत?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"कसलं भूत?"

"लई थोराड हाय. पाटात पडतं."

तो हसला. मग हसता हसता थांबला आणि झोळीची दोरी हातात घेऊन पोरीला झोका देत राहिला. दोरी करकरत होती. बराच वेळ तो तिथंच बसला.

सांजेला मनकर्णा मुक्ताला कडेवर घेऊन बांधावर वाळत घातलेली लुगडी आणायला गेली. सूर्यभानची समजूत काढायला आबासाहेब दुपारीच तिकडं गेले होते. सूर्यभान तिथूनच रागारागानं गावात निघून गेला होता. आबासाहेब एव्हाना घरी असायला हवे होते. दिवेलागणीआधी जेवून खाटेवर, हा त्यांचा शिरस्ता. खाट जागची हलवायची नाही, रांजण हलवायचा नाही, वहाणा उंबऱ्याच्या उजवीकडंच. कुणी हलवल्या तर घर डोक्यावर घेत. लोक म्हणत, आबाचा स्वभावच कडक. वस्तीवर वीज आली तेव्हा मोटरीच्या आधी त्यांनी गोठ्याच्या दारावर दिवा लावून घेतला होता.

तो दिवा आता हाकेच्या अंतरावर पेटलेला होता. आणि लिंबाच्या झाडाखाली आबासाहेब उभे होते. एक हात बुंध्यावर, दुसरा किंचित पुढं. कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे.

"आबा? घरी न्हाई गेलात?"

"कोन, मनकर्णा?" ते म्हणाले. त्यांचं तोंड मात्र भलतीकडंच होतं, जिथं ती नव्हती तिकडं.

ती जागीच थबकली. लांब रस्त्यावर उसाची बैलगाडी कुरकुरत गेली.

"बांगड्या वाजीव, पोरी," ते हळूच म्हणाले. "तुजी सासू बी पुढं चालायची."

मनकर्णानं लुगडी खांद्यावर टाकली, त्यांच्यापुढं झाली आणि हात हलवला. मागं पावलं पडू लागली. सावकाश, न अडखळता, वर्षानुवर्षं याच वाटेनं चाललेल्या माणसासारखी.

उसाच्या वर शुक्राची चांदणी निघाली होती. रोजच्यासारखं मुक्ताला दाखवायला तिनं बोट वर नेलं, "बग, बाळ..."

मग बोट खाली घेतलं. पोरीनं चांदणी बघितली की नाही, ते आज तिला बघायचं नव्हतं.

मुक्ताचा हात धरून तिनं तो आपल्या बांगड्यांवर ठेवला आणि गोठ्याच्या दिव्याच्या दिशेनं मनगट हलवत चालत राहिली.