नेसरीच्या चुलीचा कागद

मी एक जुने सागवानी कपाट आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेले आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळुवारपणे सांगावी अशी तुमची अपेक्षा असेल. मला ते जमणार नाही.

राजारामपुरीत घरबांधणी शिकवणारे एक लहानसे कॉलेज होते. १९६३ साली तिथल्या यज्ञेश्वर सरांनी गुंडू सुतारांकडून मला बनवून घेतले. माझे खण रुंद आणि उथळ आहेत, कारण त्यांत मोठाले नकाशे घडी न घालता आडवे ठेवायचे होते. सरांचे म्हणणे असे, की आपल्या भागातल्या लोकांनी थोडक्या सामानात, थोडक्या जळणात सुखाने राहण्याच्या कितीतरी युक्त्या शोधल्या आहेत. त्या कागदावर उतरवल्या नाहीत तर नाहीशा होतील. म्हणून सुट्टी लागली की ते विद्यार्थ्यांना घेऊन एस.टी.ने गावोगाव जात. उन्हाळ्यात गार राहणारी मातीची भिंत, छपरातून गरम हवा बाहेर सोडणारे जयसिंगपुरातले दुकान, पागोळ्यांचे पाणी हौदात नेणारी पन्हळ, या साऱ्याचे नकाशे मुले मोजून काढत आणि माझ्या स्वाधीन करत.

नेसरीच्या बसव्वांची चूलही अशीच आली. कागद खणात ठेवताना मुले हसत हसत त्यांचे बोलणे सांगत होती.

"माजी चूल काढून काय करणार रं पोरांनो?" बसव्वा म्हणाल्या होत्या. "धूर भिंतीतनं वर जातोय, डोळ्यात जात न्हाय, एवढंच की."

"तेवढंच आम्हाला पायजे, आक्का," असे सर म्हणाले होते.

बहात्तरच्या दुष्काळात माझा मान फार वाढला. पूर्वेकडच्या गावांतली माणसे पन्हळीचा नकाशा बघायला येत. विद्यार्थी त्यांना नकला काढून देत. माझे खण दिवसभर उघडत आणि मिटत होते. आपण उपयोगाचे आहोत हे मला तेव्हा कुणी सांगावे लागत नव्हते.

पुढे सर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. नव्या प्राचार्यांना माझी अडचण होऊ लागली. त्यांनी मला व्हरांड्यात काढले. वर कौले गळत होती. माझ्या डोक्यावर मोडक्या कुंड्या ठेवल्या गेल्या. ज्यांना मी कागद सांभाळून दिले, त्यांच्यातला एकही जण माझी विचारपूस करायला आला नाही. हे मी विसरलेले नाही.

१९८४ साली श्यामला नावाच्या विद्यार्थिनीने माझा फुगलेला खण जोर लावून उघडला. तिने एकेक नकाशा उचलून पाहिला. मग तिने तिच्या शिक्षिका सरोजिनीबाईंना ओढतच आणले. बाईंनी तिला हाच विषय शेवटच्या वर्षासाठी दिला. श्यामला रोज गच्चीवर कागद वाळवी, बुरशी झटकी, फाटलेल्या कडा खळीने चिकटवी. तिने एक कोरडी खोली मागितली. प्राचार्य म्हणाले, "शिकायला आलीस की रद्दी चाळायला?"

पुढच्या वर्षी कॉलेजला पंचवीस वर्षे झाली. समारंभासाठी इमारत रंगवायला काढली. रंगाऱ्यांना जमिनीवर अंथरायला कागद हवे होते. प्राचार्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

माझ्या पोटातून नकाशे ओढले गेले. त्यांच्यावर शिड्या रोवल्या, पाय दिले, डबे ठेवले. मी लाकडाचे आहे. मला हात नाहीत. मी उभे राहून बघत होते.

श्यामला धावत आली. "ओ, पाय काढा त्यावरनं!" रंगारी बिचारे बाजूला झाले. ती प्राचार्यांकडे वळली. "सर, ही रद्दी हाय व्हय?"

"मग काय सोने आहे? सिमेंटच्या जमान्यात माती घेऊन बसलीस. पास व्हायचे आहे ना तुला?"

"व्हायचंय की! पण ह्ये कागद उचलल्याबिगर मी हितनं हलणार न्हाय." आणि ती ओल्या रंगात मांडी घालून बसली.

आरडाओरडा ऐकून सरोजिनीबाई आल्या. "श्यामला, ऊठ. मुलांना बोलाव. कपाट माझ्या वर्गात न्या."

"कुणाच्या परवानगीने, बाई?" प्राचार्यांनी विचारले.

"माझ्या. वर्ग माझा आहे."

मुलांनी मला उचलले. बरेच नकाशे वाचले. पण बसव्वांच्या चुलीच्या कागदावर तैलरंगाचा डबा उपडा झाला होता. उचलताना त्याच्या चिंध्या झाल्या.

समारंभाला आलेल्या पाहुण्यांनी बचावलेले नकाशे पाहिले आणि तोंड भरून कौतुक केले. तेव्हा प्राचार्य काय म्हणाले असतील? "आमच्या संस्थेने हा ठेवा प्राणपणाने जपला आहे." मला हार घातला गेला. त्या फुलांची मला किळस आली. श्यामला मागे उभी होती. तिचे नाव कुणी घेतले नाही.

त्या चुलीचा नकाशा पुन्हा काढून आणायचा म्हणून श्यामला नेसरीला गेली. परत आल्यावर तिने बाईंना जे सांगितले, ते मीही ऐकले. बसव्वा वारल्या होत्या. जुन्या घराच्या जागी स्लॅबचे घर उभे होते. सून निर्मला धुरात खोकत भाकरी थापत होती.

"सासूबाईंची चूल? घर पाडलं तवा गेली की," ती म्हणाली. "त्यांच्यावानी चूल घालाय हितं कुणाला येत न्हाय. पण तुमच्या कॉलेजात तिचं चित्र हाय न्हवं? त्या भरवशावर तर पाडली. आणलंय काय ते?"

 हे सांगताना श्यामला रडली. 

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला पॉलिश करा, असे मागणे मी मागत नाही. एखादी मुलगी जुने नकाशे वाळवत बसलेली दिसली, तर तिच्याजवळ जा आणि कागदाचे दुसरे टोक धरा. तिला कोरडी जागा मिळवून द्या. आणि कुणी त्या कागदावर पाय ठेवू लागला, तर ओरडा. मला ओरडता येत नव्हते. तुम्हाला येते.