मुबशिराची कमांड

निमगाव केतकीत घरून काम करणाऱ्या स्वरूपानं डेअरीसाठी, त्यांनीच दिलेल्या लॅपटॉपवर, ‘दूध’ नावाची कमांड लिहिली. तीनदा नोंदवली, तरी चालवली की स्क्रीनवर उमटायचं, ‘बाळ निजलं का गं?’ तिच्या अंगावर काटा आला. पाचपर्यंत कमांड चालली नाही, तर काम दुसऱ्याकडं जाणार होतं.

तिनं बारामतीला डेअरीचे संगणक सांभाळणाऱ्या इकबालभाईंना फोन लावला.

"अहो ताई, हितं जो तो ‘दूध’च नाव ठेवतो! मुबशिराची जुनी कमांड यादीत वर हाय, मशीन तीच उचलतंय. पुसून टाका."

याच लॅपटॉपवर तिच्याआधी काम करणारी मुबशिरा गेल्या वर्षी तान्हं बाळ मागं ठेवून वारली होती. कामाच्या नादात बाळाकडं बघायची स्वतःला आठवण राहावी म्हणून तिनंच ते वाक्य घातलं होतं.

स्वरूपाला पुसवेना. तिनं आपली नोंद फक्त वर सरकवली. कमांड लगेच चालली. आता स्क्रीनवरून कुणी काही विचारलं नाही, आणि भरल्या घरात तिला एकदम एकटं वाटलं.